मायन्याचा एक गुण

वारजे, पुणे
२२ जून २०२५

तीर्थस्वरूप काका आणि काकू यांस,
साष्टांग नमस्कार.

शाळा सुरू होऊन आठवडा झाला. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले की घरमालकीण दार वाजवते. तेव्हा पत्रच लिहायचं हे तुमचं म्हणणं बरोबर होतं. या सत्रात मुलांना काय शिकवायचं आहे ते विषयवार कळव, असं तुम्ही निघताना सांगितलं होतंत. म्हणून ते आधी.

मला तिसरीचा वर्ग दिला आहे. मला जरा धास्ती वाटली. मीही तिसरीतच पहिल्यांदा शाळेत बसले होते. त्याआधीची माझी शाळा म्हणजे तुमचा ओटा आणि तुमची पाटी. त्यामुळे माझ्या मुलांनी पहिली-दुसरी कशी काढली असेल हे मला आतून माहीत नाही. सगळं विचारून घ्यावं लागतं.

गणितात तीन अंकी बेरीज आणि वजाबाकी आहे. वजाबाकीत शेजारच्या घरातून 'उसना' घ्यायचा, असं तुम्ही शिकवलंत. इथे 'दशक सुटा करणे' म्हणतात. मी चुकून उसना म्हणाले तर समर्थ नावाचा मुलगा उभा राहिला. "बाई, उसना घेतला तर परत कधी द्यायचा?" परिसर अभ्यासात पाणी, आपलं घर आणि कुटुंब. पाणी कुठून येतं विचारल्यावर अर्धा वर्ग म्हणाला, टँकरमधून. मी खडकवासल्याचं धरण सांगितलं. समर्थ म्हणाला, "नाही बाई, तिथं कणीस खायला जातात." इंग्रजीत 'माय फॅमिली' वर पाच ओळी. कार्यानुभवात कागदाची पाकिटं. आणि मराठीत पत्रलेखन. ते मी पाकिटांना जोडून घेणार आहे, म्हणजे मुलांची पत्रं खरोखर टपालात पडतील.

सत्र परिक्षा दसऱ्याच्या आधी आहे. माझ्याकडून कुणाचं नुकसान होऊ नये एवढीच काळजी वाटते. काकूंनी दिलेली चटणी पुरवून खाते आहे.

तुमची,
अपेक्षा


कळंब
१ जुलै २०२५

चि. अपेक्षा हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. 'परीक्षा' यातली री दीर्घ. तिसरीच्या बाईंनी तरी लक्षात ठेवावं.

समर्थला सांग, वजाबाकीतला उसना परत द्यायचा नसतो, म्हणूनच पुस्तकवाल्यांनी शब्द बदलला असेल.

पत्रलेखनात घाई करू नकोस. मुलं 'ती.' लिहून मोकळी होतात. पूर्ण शब्द लिहायला लाव. तीर्थरूप हे फक्त आपल्या जन्मदात्या आईवडिलांना. बाकी सर्व वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप. हयात नसलेल्याच्या नावाआधी कै., म्हणजे कैलासवासी. मायना चुकला की पुढचं पत्र कितीही चांगलं असलं तरी वाचणाऱ्याला ते आपल्यासाठी नाही असं वाटतं. तुला शिकवलं तसंच शिकव.

तुझी काकू विचारते, जेवतेस का. मी सांगितलं, जेवते.

तुझा काका,
उत्तरेश्वर


वारजे, पुणे
१७ ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप काका आणि काकू यांस,
साष्टांग नमस्कार.

मधे पत्र लिहिलं नाही, रागावू नका. शनिवारी शाळेत पालकांसाठी प्रदर्शन आहे, त्याची गडबड चालू होती. मुलांनी या सत्रात प्रत्येक विषयात जे केलं ते भिंतीवर लावायचं आहे. आमच्या वर्गाचा मुख्य भाग म्हणजे कुटुंबाचे वृक्ष. खोडाशी मूल, वर आईबाबा, त्यांच्यावर आजीआजोबा.

तुम्हाला एका मुलीबद्दल सांगायचं आहे. तिचं नाव संस्कृती. इथलं जुनं वारजे गाव होतं ना, तिथल्या शेतकरी घरातली. आई शेफाली, आजी मथुराबाई आणि मामा संभाजी यांच्याकडे राहते. मामाच तिला रोज स्कूटरवरून सोडतो. तिने वृक्ष फार सुंदर काढला, पण बाबांच्या नावाची चौकट रिकामी ठेवली. इंग्रजीच्या पाच ओळीही चारच लिहिल्या होत्या. गणितात 'बाबांनी आणलेले पेरू' असं उदाहरण आलं की ती पेन्सिल खाली ठेवते, हे माझ्या आता ध्यानात आलं.

मी तिच्या बाकावर जाऊन बसले. हळूच विचारलं. ती खाली बघत म्हणाली, "पप्पा गेले."

काका, मला एकदम माझाच ओटा आठवला. मी तिला सांगितलं, माझे आईबाबाही मी तीन वर्षांची असताना जीपच्या अपघातात गेले. काका-काकूंनी मला वाढवलं. पण बाबांची जागा बाबांचीच असते, ती रिकामी ठेवायची नाही. मग तिने नाव सांगितलं, पृथ्वीराज. मी त्याच्याआधी पेन्सिलीने 'कै.' लिहून दिलं. ती म्हणाली, "हे काय?" मी सांगितलं, जे गेले त्यांच्या नावाआधी मानाने लिहितात. तिने मान हलवली आणि जांभळ्या स्केचपेनने ते नीट गिरवलं.

त्या दिवशी ती पहिल्यांदा डबा इतरांबरोबर बसून खाताना दिसली. मला वाटलं, तुम्ही मला जे दिलंत त्यातलं थोडं मी पुढे देऊ शकले.

तुमची,
अपेक्षा


वारजे, पुणे
३१ ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप काका,

तुमचं उत्तर यायची वाट न बघता लिहिते आहे. माझ्या हातून फार वाईट झालं. संस्कृतीचे वडील जिवंत आहेत.

प्रदर्शनाच्या दिवशी एक उंच गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. हातात चॉकलेटचा डबा होता. म्हणाले, "मी संस्कृतीचा बाबा. तिचं चित्र कुठलं?" मी काही बोलायच्या आतच त्यांना ते दिसलं. ते जवळ गेले. खिशातून चष्मा काढून लावला आणि वाचलं. मागे संस्कृती मामाचा हात धरून उभी होती. त्यांनी विचारलं, "हे कोणी लिहिलं गं?"

ती म्हणाली, "मीच. बाईंनी सांगितलं, जे जातात त्यांना असं लिहितात."

त्यांनी डबा बाकावर ठेवला आणि ते निघून गेले. माझ्याकडे बघितलंही नाही.

आईवडील वेगळे झाले आहेत, काका. ते चिंचवडला राहतात. कोर्टात प्रकरण चालू आहे. बऱ्याच महिन्यांनी ते पहिल्यांदा मुलीला बघायला आले होते, आणि मी त्यांना दारातून परत पाठवलं. संभाजीमामा मला म्हणाले, "बाई, आम्ही दोन वर्षं तारखांना हेलपाटे घालतोय. तुम्ही एका अक्षरात निकाल लावलात." ते हसले नाहीत.

मुख्याध्यापिका विजयमालाबाईंनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, "अहो, शाळेच्या नोंदीत वडिलांचा मोबाईल नंबर आहे. मेलेल्या माणसाला आपण फीचे मेसेज पाठवतो का?"

गणपतीच्या सुट्टीआधी दोन दिवस शाळा होती. संस्कृती आली नाही. ती परत आली नाही तर काय, हे एकच डोक्यात फिरतं आहे. आणि तिचे वडील कधीच परत आले नाहीत तर? या नोकरीला मी लायक नाही असं वाटतं. सोडून कळंबला येऊ का?

अपेक्षा


कळंब
६ सप्टेंबर २०२५

चि. अपेक्षा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. दुसऱ्या पत्रातल्या चुका तपासल्या नाहीत.

'गेले' या शब्दाचा आपल्या घरात एकच अर्थ होता. तुला दुसरा ऐकू आला नाही, यात तुझ्याइतकाच या घराचाही भाग आहे. तरी विचारायला हवं होतं की कुठे गेले. एवढा एक प्रश्न कमी पडला.

कळंबला यायचं कारण नाही. इथे तिसरीचा वर्ग नाही आणि संस्कृतीही नाही. ती शाळेत येत नसेल तर तू तिच्या घरी जा. कोरा कागद बरोबर ने. मोठ्यांशी बोलताना कारणं सांगू नकोस. चुकलं म्हण आणि गप्प बस. ते बोलतील ते ऐकून घे. त्यांच्याकडे बोलायला बरंच असेल.

तुझा काका,
उत्तरेश्वर


वारजे, पुणे
२८ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप काका आणि काकू यांस,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. सुट्टी संपल्यावरही ती आली नाही, म्हणून तिच्या घरी गेले. सोसायट्यांच्या मधे त्यांचं बैठं घर अजून उभं आहे, दारात म्हैसही आहे. मथुराबाई दारातच बसल्या होत्या. मी 'चुकलं' म्हणाले. त्या म्हणाल्या, "जिता माणूस हाय त्यो. आमचं त्याच्याशी पटत नाय, म्हनून काय कैलासाला धाडायचा व्हय गं?" मी गप्प राहिले. त्या बराच वेळ बोलल्या. मग म्हणाल्या, "बस आता. च्या घे."

शेफालीताईंनी मला आत नेलं. त्यांनी जे सांगितलं ते मी विसरू शकत नाही. प्रदर्शनाच्या दिवशी संध्याकाळी संस्कृतीच्या वडिलांचा फोन आला. त्यांनी मुलीला विचारलं, "मी गेलो का गं?" ती म्हणाली, "हो. तुम्ही गेलातच की." मग दोघंही काही बोलले नाहीत, पण फोन कुणीच ठेवला नाही. शेवटी बॅटरी संपली. त्यानंतरच्या रविवारी ते आले होते, म्हशीपाशीच उभे राहून तिच्याशी बोलले. पुढच्या रविवारी आले नाहीत. पुढे येतील की नाही हे कुणालाच माहीत नाही.

मी संस्कृतीपुढे कोरा कागद ठेवला. तिने पुन्हा वृक्ष काढला. बाबांच्या चौकटीपाशी थांबून मला विचारलं, "बाई, मग जे जातात पण असतात, त्यांच्याआधी काय लिहायचं?"

काका, तुमच्या शिकवण्यात याचं उत्तर नव्हतं. मी म्हणाले, 'श्री.' लिही. तिने लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत येऊ लागली.

आता परीक्षेचं. (री दीर्घ.) मराठीच्या पेपरात दोन्ही तुकड्यांना एकच प्रश्न होता, 'सहलीचे वर्णन करणारे पत्र वडिलांना लिहा.' मी विजयमालाबाईंना म्हणाले, 'वडिलांना किंवा घरातल्या मोठ्या माणसाला' असं सांगू का? त्या म्हणाल्या, "छापलेली प्रश्नपत्रिका बदलता येणार नाही. वर्गात तुम्ही तोंडी काय सांगता ते मला इथे ऐकू येत नाही." मी तोंडी सांगितलं.

संस्कृतीने मामाला पत्र लिहिलं आहे. सहल, बस, पोह्यात निघालेला खडा, सगळं आहे. फक्त मायना असा आहे: 'तीर्थरूप संभाजीमामा यांस'.

मायन्याला एक गुण आहे. उत्तरसूचीप्रमाणे मामाला तीर्थस्वरूप. वर्गात मी हा फरक फळ्यावर लिहून शिकवला होता आणि तेव्हा संस्कृतीने तो बरोबर सांगितला होता. म्हणजे तिला माहीत आहे. आठवडाभर तिची उत्तरपत्रिका माझ्याकडे पडून आहे. गुण दिला तर इतर मुलांवर अन्याय. कापला तर त्या चौकटीत मी पुन्हा हात घातल्यासारखं होईल.

आणखी एक सांगते. मीही एकदा पाटीवर 'तीर्थरूप काका' लिहिलं होतं. तुम्ही 'रूप' पुसून 'स्वरूप' लिहिलंत. काही बोलला नाहीत. त्यानंतर तो शब्द मी कधी चुकले नाही. तुम्ही दोघांनी मला काहीच कमी केलं नाही, म्हणून हे लिहिताना लाज वाटते. पण त्या दिवशी मला असं समजलं होतं की या घरात मी कुठवर यायचं ते मला सांगितलं गेलं. संस्कृतीच्या पेपरवर लाल पेन टेकवताना माझा हात तिथे अडतो.

काय करू ते कळवा.

तुमची,
अपेक्षा


कळंब
३ ऑक्टोबर २०२५

चि. अपेक्षा हिस,
अनेक आशीर्वाद.

नियम तोच आहे. तो मी केलेला नाही आणि माझ्यासाठी बदलणारही नाही.

पाटीचं मला आठवतं. सुदर्शन माझा धाकटा भाऊ. तो नोकरीसाठी बाहेरगावी असताना मला 'तीर्थस्वरूप दादा' असं लिहायचा. तो गेल्यावर दोनेक वर्षांत तू त्याचा चेहरा विसरत चालली होतीस. बाजारात चारचौघांत मला बाबा म्हणायचीस. लोकांना ते बरं वाटायचं. मलाही वाटायचं, म्हणून जास्तच भीती वाटायची. त्याचं घड्याळ बंद पडलं होतं, कपडे वाटून टाकले होते. तुझ्या तोंडी त्याच्या वाट्याचा तेवढा एक शब्द उरला होता. तोही मी घेतला, तर माझ्या भावाकडे काय राहिलं? म्हणून पुसला.

मी त्याच्या बाजूने बघत होतो. तुझ्या बाजूने पाटी कशी दिसली असेल हे मनात आलं नाही. तू लहान आहेस, तुला एका अक्षराचा फरक काय कळणार, असं वाटलं. तुला सगळं कळत होतं. मी तुला शिकवत होतो, तरी हे माझ्या लक्षात आलं नाही.

गुणाचं मला विचारू नकोस. त्या वर्गाची बाई तू आहेस.

तुझा काका,
उत्तरेश्वर

अपेक्षा, मी इंदूकाकू. ह्यांनी खाली जागा ठेवली म्हणून लिहिते. पाटी पुसली खरी, पर आधी किती येळ तिच्याकडं बघत बसले होते ते ह्यांनी लिहिलं नाही. मी दोनदा जेवायला हाक मारली. आणि पुसताना फडकं घेतलं नाही, हातानंच पुसली. मग तो हात तसाच घेऊन जेवायला बसले. मी म्हणलं, हात धुवा की. तर म्हणाले, धुतो, धुतो. तू कधी येणार ते कळव. अनारशाचं पीठ करून ठेवते.


वारजे, पुणे
८ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप काका आणि तीर्थरूप काकू यांस,
साष्टांग नमस्कार.

पत्र वर्गाच्या मधल्या सुट्टीत वाचलं. तास सुरू झाल्यावर मुलांना थोडा वेळ चित्र काढायला सांगितलं.

संस्कृतीला पूर्ण गुण दिला. नुसताच दिला तर तो दयेचा झाला असता, म्हणून आधी तिला बोलावून विचारलं. तीर्थरूप कोणाला लिहितात? ती म्हणाली, "आईबाबांना." मग मामाला का लिहिलंस? तिने खिडकीबाहेर बघितलं. बाहेर संभाजीमामा स्कूटर लावून उभे होते. ती म्हणाली, "बाई, मला फरक माहीत आहे. मी चुकून नाही लिहिलं."

मी तेच विजयमालाबाईंना सांगितलं. नियम माहीत नसता तर गुण कापला असता, असंही म्हणाले. त्यांनी उत्तरपत्रिका उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "तपासली आहे ना? मग गठ्ठ्यात घाला." अजून मला खात्री नाही की मी बरोबर केलं. पण हात अडला नाही.

परीक्षेनंतर मुलांनी तीच पत्रं चांगल्या कागदावर उतरवून स्वतःच्या पाकिटांत घातली आणि आम्ही सगळे मिळून पेटीत टाकून आलो. समर्थने पाकिटावर आजोबांच्या पत्त्याऐवजी 'आजोबा, मळ्यात' एवढंच लिहिलं होतं, ते ऐनवेळी दिसलं. काल संभाजीमामा शाळेत आले. मला म्हणाले, "बाई, वकिलाशिवाय मला जन्मात कुणाचं पत्र आलं नव्हतं." पत्र त्यांच्या वरच्या खिशात होतं. स्कूटर सुरू करायला मात्र त्यांना बराच वेळ लागला.

संस्कृतीने दुसरंही एक पाकीट केलं होतं, चिंचवडच्या पत्त्याचं. ते माझ्यासमोर बंद केलं. मायना काय लिहिला ते मी विचारलं नाही.

मी दिवाळिला येते. सुट्टी लागली की दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने निघेन. काकूंनी पीठ एकट्यानं मळू नये. येताना तुमच्यासाठी बुधवार पेठेतून कानाचं यंत्र बघून येऊ का? तुम्ही नको म्हणणार हे माहीत आहे, तरी विचारते.

तुमची,
अपेक्षा


कळंब
१२ ऑक्टोबर २०२५

चि. अपेक्षा हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. मी वाचलं. मग तुझ्या काकूला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने मायना परत वाचायला लावला, म्हणून परत वाचला.

यंत्र नको. तू पत्रं लिहीत जा.

पत्रात एकच चूक सापडली. 'दिवाळीला' यातली ळी दीर्घ. बाकी अगदी पहिल्या ओळीपासून सगळं तपासलं. दुरुस्ती नाही.

उत्तरेश्वर